घराण्याची टाच

३ डिसेंबर, मंगळवार

उद्यापासून अकरावीला लिपिड्स. दरवर्षी फळ्यावर तेच कोष्टक काढते: साधी, संयुक्त, साधित. पोरं उतरवून घेतात, मी हात झटकते, तास संपतो. यंदा माझाच मला कंटाळा आला. वर्गात सांगितलं, घरात जे काही तेलकट-तुपकट असेल ते चमचाभर बाटलीतून आणा. मागच्या बाकावरून लगेच, "मॅडम, डोक्याचा तेल चालात?" चालेल म्हटलं. जामसंड्याची पोरं, काय आणतील नेम नाही.

मी मुठेल नेणार. शहरातल्या पाहुण्यांना दरवेळी समजावून सांगावं लागतं: कोकमाच्या बिया कुटून उकळायच्या, वर आलेला मेद काढायचा आणि थिजता थिजता मुठीत दाबून गोळा करायचा. गोळ्यावर करणारणीच्या बोटांचे ठसे राहतात. फडताळात सासूबाईंच्या हातचा शेवटचा गोळा अजून आहे. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. तो कोणी वापरत नाही. मी बाजारचा नेणार.

४ डिसेंबर

सतरा बाटल्या! खोबरेल, साजूक तूप, शेंगदाण्याचं तेल, एकाने मेण आणलं. गंगाराम तांडेलांच्या नातीने पेडव्या माशांचं तेल आणलं, आजोबा होडीला चोळतात ते. वर्गाचा बाजार झाला. शेजारच्या वर्गातून मराठीचे सर नाक धरून आले आणि तसेच परत गेले.

सकाळच्या गारव्याने खोबरेल गोठलेलं. माशाचं तेल मात्र पाण्यासारखं वाहतंय. मुठेल दगड. का, विचारलं. मग दहा जणांना ओळीत उभं केलं, हात अंगाला चिकटवून. खेटून उभे राहिले. हे संपृक्त मेदाम्ल: साखळी सरळ, एकाला एक लागून बसतं, म्हणून घट्ट. मग तिघांना कोपर बाहेर काढायला लावलं. हा दुहेरी बंध. साखळीला बाक येतो, ओळ विस्कटते, तेल पातळ राहतं. एवढ्यात तांडेलांची नात म्हणाली, "मगे बरा आसा मॅडम. माशाची चरबी मुठेलासारखी असती तर थंड पाण्यात मासो लाकूड झालो असतो." पंधरा वर्षं शिकवते, हे वाक्य माझ्या टिपणांत नव्हतं.

आणि मुठेलात ते बाक कमी, म्हणून ते सहज खवटत नाही. फडताळातला गोळा आठवला.

संध्याकाळी माझा नवरा निलेश समुद्रावरून आला आणि रोजच्यासारखा पडवीत बसला, मुठेल निखाऱ्यावर धरून टाचेला चोळत. आमच्याकडे याला घराण्याची टाच म्हणतात. टाचेच्या वर मागच्या बाजूला जी जाड शीर असते ना, ती या घरातल्या पुरुषांची बोटभर फुगलेली, कडक. वल्ही मारून, होडीत पाय रोवून तयार होते म्हणे. मुलगा पहिल्यांदा दर्यावर निघाला की मोठी माणसं त्याची टाच दाबून बघतात, "भरली काय?" निलेशच्या थोरल्या भावाची, परशुरामदादांची, अठराव्या वर्षी भरली होती. निलेशची बाविसाव्या. तोवर बिचारा दिवसातून दोनदा मुठेल चोळायचा. मला लग्न ठरताना हे कोणीतरी अभिमानाने सांगितलं होतं, जणू पदवीच.

७ डिसेंबर, शनिवार

फॉस्फोलिपिड्स झाली. डोकं पाण्याकडे, शेपट्या पाण्यापासून दूर. दोन थर एकमेकांकडे शेपट्या करून उभे राहतात आणि पेशीला भिंत मिळते. रिया (माझी नऊ वर्षांची) वही बघून म्हणाली, "हे टाचण्या कशाक काढलंस?" टाचण्याच दिसतात खऱ्या.

९ डिसेंबर, सोमवार

उद्या कोलेस्टेरॉल. यंदा चित्रं दाखवायची म्हणून फोनवर शोधत होते. एक फोटो आला. कुणा परक्या माणसाचा पाय, मागून काढलेला. टाचेच्या वर शीर बोटभर फुगलेली. खाली लिहिलेलं: जन्मतःच वाढलेलं कोलेस्टेरॉल, कंडरेत साठलेलं.

मी फोन उलटा ठेवला. भात उकळला होता, गॅस बंद केला. परत बघितला. पडवीत निलेश मुठेल चोळत बसलेला. तोच पाय.

पुढचं वाचलं. खाण्यामुळे नाही, आईकडून किंवा वडिलांकडून येतं. माणूस सडपातळ असला तरी. हृदयाच्या रक्तवाहिन्या तरुणपणीच भरत जातात.

परशुरामदादा एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. नऊ वर्षांपूर्वी, होडीत, जाळं ओढता ओढता खाली बसले ते बसलेच. निलेश येत्या मार्चमध्ये एक्केचाळीस पूर्ण करेल.

अकरा वर्षं हा पाय बघतेय मी. कधी कधी मुठेल मीच चोळलंय. जीवशास्त्राची शिक्षिका! चरबीवर चरबी चोळत बसले.

१० डिसेंबर

तास घेतला. कोलेस्टेरॉल शत्रू नाही, हे दरवर्षी सांगते, आजही सांगितलं. प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते आहे. पित्त त्यापासून, संप्रेरकं त्यापासून, उन्हात त्वचेत बनणारं ड जीवनसत्त्वही त्याच्याच घराण्यातलं. पोरं ऐकत होती. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे.

निलेशला सांगितलं. हसला. "ती वल्हव्यांची टाच आसा गो. तू पुस्तकातला खयचाय काढतंस." रक्त तपासूया म्हटलं, तर "पोट खंय आसा माका?" आणि सरळ आंघोळीला गेला.

१२ डिसेंबर, गुरुवार

आबा पडवीत जाळं शिवत होते. सासरे माझे, वय बहात्तर. इंजिन येण्याआधी पंचवीस वर्षं नुसती वल्ही मारली त्यांनी. एवढं सरळ मला दोन दिवस सुचलं नाही: वल्ही मारून टाच होत असेल तर सगळ्यात मोठी टाच आबांची हवी.

"आबा, पाय दाखवा जरा."

"काटो लागलो नाय माका."

दाखवला. भेगा भरपूर. पण टाचेमागची शीर सुतळीएवढी बारीक.

"माझी खंयची गो ती टाच," आबा म्हणाले. सुईत दोरा ओवता ओवताच. "ती यमुनाची. तिच्या म्हायेरची. तिच्या भावांची बघूक व्हयी होतंस. एक चाळिशीक गेलो, दुसरो तेच्याय आधी."

"मग घराण्याची टाच म्हणता ती?"

"पोरांक बरा वाटा. आवशीची टाच म्हटल्यार खयचो झील छाती फुगवतलो?"

मी तिथेच पायरीवर बसले. यमुना म्हणजे माझ्या सासूबाई; त्या आयुष्यात होडीत वल्ही मारायला बसल्या नव्हत्या. नऊवारीच्या काठाखाली त्यांची टाच मी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्या गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, पोराच्या दुःखाने गेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, तुळशीपाशी, छातीवर हात धरून.

आबांना फोटो दाखवला. बराच वेळ बघितला. चष्मा काढला. म्हणाले, "परश्याचो पाय." मग जाळं तसंच टाकून किनाऱ्याकडे गेले.

१३ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

दादांच्या तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. सारिकावहिनी, त्यांची बायको, चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आणलंव घरात. माझो झील खाल्ल्यान." वहिनींच्या हातातले कप वाजले. त्या आत गेल्या. आबा तिथेच होते. निलेश तिथेच. मी सहा महिन्यांच्या रियाला मांडीवर घेऊन बसलेली. कोणी काही बोललं नाही. महिन्याभरात वहिनी सात वर्षांच्या निकेतला घेऊन माहेरी गेल्या, वैभववाडीला. तेव्हापासून लग्नकार्यात दिसल्या तर दिसल्या.

सासूबाईंचा मला राग येत नाही आज. दोन भाऊ, मग मुलगा. कोणावर तरी ढकलायला हवंच होतं त्यांना. माझा राग माझ्यावरच आहे. आणि कप वाजल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

१५ डिसेंबर, रविवार

निलेशला पुन्हा धरलं. या वेळी शिक्षिकेसारखं नाही.

रक्त पाणचट, त्यात चरबी विरघळत नाही, म्हणून यकृत ती छोट्या होड्यांत भरून पाठवतं, असं सांगितलं. होडीच्या बाहेरून तीच फॉस्फोलिपिड्सची कातडी. प्रत्येक पेशीला, विशेषतः यकृताला, या होड्या लागायला धक्का असतो. काही माणसांत जन्मापासून निम्मे धक्के नसतात.

निलेश जेवता जेवता थांबला. "म्हणजे माल भरान होडये फिरतत, आणि लागाक धक्कोच नाय."

"हो."

"मगे माल खंय टाकतत?"

"वाटेत. हृदयाच्या नळ्यांत. टाचेत."

त्याने माशाचा तुकडा परत ताटात ठेवला. भांडी घासताना मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादाक त्या दिवशी सकाळी खांदो दुखा होतो. मी म्हटलंय, रात्री उताणो झोपाक नाय म्हणान."

नऊ वर्षं हे त्याने मला सांगितलं नव्हतं.

१६ डिसेंबर

सकाळी चहा न घेता तयार होऊन बसला. उपाशीपोटी रक्त दिलं.

१७ डिसेंबर

एकूण ३३८. वाईट म्हणतात ते २६१.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोघांनी रजा काढून ओरोसला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. रजा मी काढली, निलेशने समुद्राला सुट्टी दिली. डॉक्टर वयाने लहान, पण शांत. टाच दाबली, पापण्या बघितल्या, घरात कोण कधी गेलं ते विचारत कागदावर झाडासारखं काहीतरी काढत गेले. गेलेल्यांच्या चौकटी काळ्या करत होते. सासूबाईंची फांदी जवळजवळ सगळी काळी.

ईसीजीची पट्टी काढली, इको केला. एका ठिकाणी थोडी शंका आहे, पुढची तपासणी जानेवारीत. गोळी आजपासून, रोज, कायमची. "वेळेवर आलात," म्हणाले. खाण्यापिण्याने एवढं वाढत नाही आणि नुसत्या खाण्यापिण्याने उतरतही नाही, गोळी चुकवू नका. मुठेलाचं मी विचारलं. हसले. चोळा, भेगांना चांगलं, पण गाठ त्याने जाणार नाही.

मग म्हणाले, मुलांना निम्मी शक्यता असते, तुमच्या मुलीची तपासणी करून घ्या. आणि भावाला मुलं आहेत?

निलेशने जमिनीकडे बघितलं. मी म्हटलं, एक मुलगा. सोळा वर्षांचा.

मे महिन्यात एका लग्नात निकेत दिसला होता. जिल्ह्याला धावतो. कोणीतरी पाठ थोपटून म्हणालं होतं, "बापाशीची टाच इली हा तेका." मी पण हसले होते.

२० डिसेंबर

वहिनींना फोन कोण करणार? निलेश म्हणतो, तू. आबा जाळ्यावरून मान वर करत नाहीत.

२१ डिसेंबर

फोन केला नाही. पेपर तपासायचे होते.

२२ डिसेंबर

आजही नाही. निलेशला "टाळतोस" म्हणून पाच दिवस बोलत होते. आता कळतंय, टाळायला काही कष्ट पडत नाहीत.

२४ डिसेंबर, मंगळवार

फोनवर सांगायची गोष्ट नव्हे. नाताळची सुट्टी लागली तशी सकाळच्या एस.टी.ने वैभववाडीला गेले.

वहिनी अंगणवाडीत काम करतात. घर छोटं, स्वच्छ. दारात मला बघून थबकल्या, मग, "ये गो तेजू. उनातसून इलंस." चहा टाकला. रियाची चौकशी केली, आबांच्या गुडघ्यांची केली. निलेशची केली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. फोटो, आबांची बारीक शीर, ३३८, डॉक्टरांचा कागद. निकेतची तपासणी हवीच, हे दोनदा सांगितलं.

वहिनी एकच कप पुसत राहिल्या. मग विचारलं, "आयेच्या पायाक पण होती ती टाच?"

"होती."

"तिच्या भावांक?"

"हो. आबा म्हणाले."

कप खाली ठेवला. "म्हणजे माझे पाय नाय होते."

मी त्यांच्या पावलांकडे बघितलं.

"नऊ वर्सां मी माझी पावलां बघतंय गो," वहिनी म्हणाल्या. आवाज साधाच, भाजीचा भाव सांगावा तसा. "खोटा आसा, ह्या कळता. तरीपण बघतंय. खयच्या बारशाक गेलंय तर उंबऱ्यार थांबतंय, दुसऱ्या कोणाक तरी म्होरे जावक देतंय."

"वहिनी, मी तेव्हा गप्प बसले."

"व्हय. बसललंस."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाव्यात अशी अपेक्षा करायचा मला हक्कही नाही. रडले मात्र मी. त्या नाही रडल्या.

निकेत धावण्याचा सराव करून आला, घामाने भिजलेला. मला बघून लाजला. वहिनी म्हणाल्या, "हय ये. पाय दाखव." त्याला वाटलं, लागलंय का ते बघतायत. वहिनींनी दोन बोटांत त्याची टाचेमागची शीर धरली. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग माझ्याकडे बघितलं. मीही हात लावला. फार नाही, पण बोटाला लागत होती.

"भरली काय काकी?" निकेतने विचारलं. अभिमानानेच.

२९ डिसेंबर

रियाचं रक्त दिलं. तिने डोळे घट्ट मिटले, पण रडली नाही.

३० डिसेंबर

रिया १५८. बरोबर आहे. मी देवासमोर दिवा लावला. तेवढ्यात वहिनींचा फोन आला: निकेत २९७. मघाचा आनंद कुठे ठेवू कळेना. लाज वाटली. वहिनींनीच विचारलं, "रियाचा काय?" सांगितलं. "बरा झाला गो," म्हणाल्या, आणि ते खरंच होतं, आवाजावरून कळलं.

४ जानेवारी, शनिवार

वहिनी निकेतला घेऊन ओरोसला गेल्या, निलेश इथून गेला. डॉक्टरांनी त्यालाही गोळी सुरू केली. या वयात धरलं म्हणजे बापाची गोष्ट मुलाची होईलच असं नाही, असं म्हणाले म्हणे. छातीची तपासणी ठीक. धावायला परवानगी. निकेतचा एकच प्रश्न, टाच बारीक होईल का? हळूहळू थोडी होईल. खट्टू झाला. निलेशने त्याला सांगितलं, "आबांची बघ. पन्नास वर्सां दर्यार गेले, टाच सुतळीएवढी." परतल्यावर हे निलेशने मला तीनदा सांगितलं.

११ जानेवारी

निलेशची तपासणी झाली. एक नळी अर्धी भरलेली. सध्या गोळ्यांवर भागेल, लक्ष ठेवायचं. अर्धी! रिकामी अर्धी मोजायची ठरवलंय मी.

त्याने गोळ्यांची पट्टी मुठेलाच्या डब्यातच ठेवली आहे. म्हणजे विसरणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार

घटक चाचणी. प्रश्न घातला होता: "लिपिड्सची कार्ये लिहा." तांडेलांच्या नातीने सगळी लिहिली. ऊर्जेचा साठा, ऊब, पेशीची भिंत, संप्रेरकं, मज्जातंतूंचं आवरण. शेवटी एक तिचं: "होडी पाण्यात टिकते." पूर्ण गुण दिले.

आबा आज जेवताना म्हणाले, "सारिकाक सांग, सव्वीस तारखेक सुट्टी आसा. निकेताक घेवन येवदे." नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. फोन लावून हातात दिला. आबांनी तो कानाला लावला आणि अंगणात गेले.

२६ जानेवारी, रविवार

वहिनी आल्या. उंबऱ्याशी थांबल्या, निकेतला पुढे जा म्हणाल्या. आबा तांब्या घेऊन आतून आले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि वहिनींच्या पायांवर पाणी घालायला लागले. वहिनी पाय मागे घ्यायला गेल्या. "रव गो," आबा म्हणाले. "त्या दिवशी मी गप रवलंय. माका तिच्या भावांचा सगळा म्हायत होता, तरी गप रवलंय." तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घातलं.

मग मला म्हणाले, "यमुनाचो तो गोळो हाड." वहिनींच्या भेगाळलेल्या पायांकडे बघत होते. फडताळातून आणून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. खवट झालेला नव्हता. ठशांवर आपली बोटं बसवून बघितली, आणि गोळा निखाऱ्यावर धरला. सासूबाईंच्या बोटांचे ठसे आधी वितळले.